कोतळूकचे गोपाळराव आणि पुण्याचा प्लेग

वारकरी मायबापहो, नामदार गोखले काही टाळकरी नव्हेत, मग या अंकात ते कसे, असे कोणी विचारील. सांगतो. आम्ही रत्नागिरीचे. आमच्याच जिल्ह्यात गुहागराकडे कोतळूक म्हणून गाव आहे. तिथे ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. १८७९ साली वडील वारले. थोरल्या बंधूंनी शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला लावले. पुढे गोपाळराव पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. एवढे पुरे, आम्हांला सांगायचे आहे ते प्लेगचे.

१८९७ च्या आरंभी पुण्यात ग्रंथिज्वराने माणसे पटापट मरू लागली. सरकारने रँडसाहेबास नेमले. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकीत. देवघर म्हणू नये की माजघर. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत. त्या समयी गोपाळराव विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेले होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून सोजिरांच्या अत्याचाराच्या हकिकती कळवल्या. त्यांत दोन स्त्रियांची अब्रू घेतल्याचेही होते. गोपाळरावांनी ते तिथल्या वर्तमानपत्रात दिले. मोठा गहजब झाला. पण मुंबईस उतरून पाहतात तो पुरावा द्यायला कोणी पुढे होईना. पत्रे लिहिणारांची नावे त्यांनी फोडली नाहीत. सारा दोष आपल्या माथी घेतला आणि ऑगस्टात जाहीर क्षमा मागितली.

लोक भडकले, भित्रा म्हणाले. आम्ही पाठशाळेत असताना हे प्रथम ऐकले, तेव्हा आम्हांलाही ती क्षमा सलली होती, खोटं कशाला बोला. सोजिरांचा जाच तर पुणेकरांनी सोसलेलाच! तथापि जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे त्यांनी कर्तव्य मानले.

आता पुढचं ऐका. साथ पुन्हा उसळली तेव्हा हा माणूस तोंड लपवून घरी बसला नाही. स्वयंसेवक होऊन त्याच पुण्याच्या गल्ल्यांत हिंडला. ज्यांनी हेटाळले त्यांच्याच उंबऱ्याशी उभे राहायचे, आत कोणी दुखणेकरी आहे का पुसायचे, घाबरल्या बायामाणसांची समजूत घालायची. रोग लपवला की घर बुडते, आणि सोजीर दिसला की लोक रोग लपवतात. मध्ये आपला माणूस लागतो. २०२० साली आमच्या कोकणात आशाताई हेच करीत होत्या. मुंबईचा चाकरमानी आला की दाराशी जाऊन तापाची चौकशी. एका घराने आमच्यादेखत तिच्या तोंडावर कवाड लावले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर! त्याच साली माउलींच्या पादुकाही एस. टी. गाडीतून पंढरीस गेल्या, ते आपण विसरला नसाल.

१२ जून १९०५ रोजी गोपाळरावांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा, असे तिथले व्रत. त्यांतले एक सेवक ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या लीगची माणसे मुंबईत रोग्यांच्या साहाय्यास धावली. गोपाळराव ते पाहायला उरले नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांनी पुण्यातच देह ठेवला होता.