कॉर्नेलिया सोराबजी : परीक्षा पास, सनद नाही

तुमच्या वर्गातली एखादी मुलगी म्हणाली, मला वकील व्हायचंय, तर तिला कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट जरूर सांगा.

त्यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. नंबर वरचा होता, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. कारण? मुलगी! शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र हातात नाही, कारण तिथं स्त्रियांना पदवी द्यायला १९२० साल उजाडलं.

भारतात परतून मुंबईची एलएलबी केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाहीच.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. पडदानशीन विधवांना परपुरुषासमोर येता येत नसे, मग वकिलाला भेटणार कशा? इस्टेट त्यांची, पण कारभार दुसऱ्यांच्या हाती. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे कॉर्नेलियाबाई थेट जनानखान्यात जाऊन कागदपत्रं बघू लागल्या. सहाशेच्या वर बायका-मुलांना त्यांनी मदत केली.

त्या ब्रिटिश राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात. मुलांना हेही सांगा, लपवू नका.

१९२३ च्या कायद्यानं स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचं वय ५६. कलकत्त्यात वकील म्हणून उभं राहायला मिळालं ते जेमतेम पाच-सहा वर्षं. १९२९ ला त्या निवृत्त झाल्या.