चार काळ्या रेघा

घोड्याच्या जठरात एका माशीची अळी राहते. आतल्या अस्तराला तोंडाच्या आकड्यांनी घट्ट चिकटून ती महिनोन् महिने काढते, मग लिदेबरोबर बाहेर पडते, मातीत कोश करते आणि माशी होऊन उडून जाते. या अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असते. आपले रक्त लाल करणारे, तसेच. अळीची माशी झाली की त्या हिमोग्लोबिनचे होते काय, एवढाच प्रश्न केंब्रिजमधल्या एका कीटकतज्ज्ञाला पडला होता. उत्तर शोधता शोधता त्यांच्या हाती लागले ते भलतेच. आपण घेतलेला श्वास पेशीच्या आत पोहोचल्यावर तिथे नेमके काय घडते, त्याची किल्ली. या गृहस्थांचे नाव डेव्हिड केलिन.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. नोकरी बँकेत झाली, उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला. केलिन यांच्याकडे मी ओढला गेलो तो त्यांच्या हिशेबी स्वभावामुळे. हिशेबी म्हणजे चिक्कू या अर्थाने नव्हे. कुणाचे किती, ते त्याच्या नावावर चोख मांडायचे, या अर्थाने.

जन्म १८८७ चा, मॉस्कोतला. कुटुंब पोलंडमधले, ज्यू. बालपण वॉर्सात गेले, आणि दम्याने पोखरले. दहाव्या वर्षापर्यंत मुलाला शाळेत घालताच आले नाही. पुढे वैद्यक शिकायला बेल्जियममधल्या लिएजला गेले. प्रकृतीने तेही सोडायला लावले. मग पॅरिस. तिथे एके दिवशी पाऊस आला म्हणून ते आडोशाला एका इमारतीत शिरले, आत मोरिस कोलरी या प्राणिशास्त्रज्ञांचे व्याख्यान चालू होते, आणि हा तरुण त्यांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाला, असे सांगतात. गांडुळाच्या शरीरात वाढणारी एक माशी हा त्यांचा पहिला मोठा विषय. स्वतःला श्वास पुरत नसलेल्या या माणसाने दुसऱ्याच्या अंगात राहणारे जीव श्वास कसा घेतात, याचाच ध्यास घ्यावा, हे मला कादंबरीत लिहायचे धाडस झाले नसते.

१९१५ मध्ये जॉर्ज नट्टॉल यांनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले. १९२१ मध्ये तिथे परोपजीवी जीवांच्या अभ्यासासाठी मोल्टेनो इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९३१ पासून १९५२ पर्यंत केलिन तिचे प्रमुख होते.

आता त्या माशीकडे येऊ. केलिन यांचे मुख्य हत्यार म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला एक छोटा वर्णपटदर्शक. प्रकाश एखाद्या रंगद्रव्यातून गेला की त्याच्या सप्तरंगी पट्ट्यात ठरावीक जागी काळ्या रेघा उमटतात. त्यांवरून द्रव्य ओळखायचे. मोठ्या माशीत हिमोग्लोबिनच्या रेघा नव्हत्याच. पण तिच्या उडण्याच्या स्नायूंत दुसऱ्याच चार रेघा दिसल्या. मग त्या इतर कीटकांत दिसल्या, जिवाणूंत दिसल्या, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही दिसल्या. आणि एक दिवस यीस्टचे पाणी हवेत जोराने हलवले, तर रेघा गायब! नळी स्थिर ठेवली, थोडा वेळ गेला, रेघा परत. पुन्हा हलवले, पुन्हा गायब. सायनाइड घातले तर मात्र कितीही हलवा, रेघा जात नाहीत. जिवंत मेणपतंगाच्या छातीतून त्यांनी प्रकाश सोडला. पतंग निवांत असताना रेघा दिसेनात, फडफडू लागला की उमटायच्या.

याचा अर्थ पुढच्या काळात पुरता उलगडला. त्या रंगद्रव्यात लोखंडाचा अणू असतो. त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला की रेघ दिसते, पुढे देऊन टाकला की पुसट होते. म्हणजे केलिन साध्या डोळ्यांनी इलेक्ट्रॉनची देवघेव पाहत होते. १९२५ च्या निबंधात त्यांनी या द्रव्याला सायटोक्रोम, म्हणजे पेशीतला रंग, असे नाव दिले आणि ते एक नसून तीन आहेत, ए, बी आणि सी, असे सांगितले. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनच्या हाती पडत नाही; तो या हातातून त्या हातात, एकेक पायरी उतरत जातो. साखळीच्या दोन टोकांत एक व्होल्टाहून थोडा जास्त फरक असतो. तो एकदम पार झाला असता तर सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया गेली असती. पायऱ्यापायऱ्यांनी सुटते म्हणून शरीराला ती साठवता येते.

आता हिशेबाचे. केलिन यांनी जुने ग्रंथ चाळले तेव्हा त्यांना आढळले की या रेघा आधीच कुणीतरी पाहिल्या होत्या. चार्ल्स मॅकमन हे वूल्व्हरहॅम्प्टनचे एक खासगी डॉक्टर. तबेल्यावरच्या माळ्यावर त्यांची प्रयोगशाळा. १८८६ मध्ये त्यांनी असे रंगद्रव्य सर्व प्रकारच्या प्राण्यांत असल्याचे लिहिले. जर्मनीतले मोठे नाव होप्पे-झायलर. त्यांना ते पटले नाही, आणि १८९० मध्ये आपल्याच नियतकालिकात त्यांनी हा वाद संपल्याचे जाहीर करून टाकले. पाठ्यपुस्तकांतून मॅकमन पुसले गेले. १९११ मध्ये ते वारले.

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पुष्कळदा ती तिथेच कुजते, कारण उकरायला गेले तर आपलेच काम वाढते. मॅकमन यांची रक्कम ३५ वर्षे पडून होती. त्यांच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते, आणि केलिन गप्प बसले असते तर विचारणारेही कुणी नव्हते. त्यांनी आपल्या निबंधाच्या सुरुवातीलाच मॅकमन यांचे श्रेय मांडले. शिवाय ते कुठे चुकले हेही तितक्याच नेमकेपणाने मांडले. मला हे दुसरे जास्त मोलाचे वाटते. नुसता गौरव करणे सोपे असते.

स्वतः केलिन यांच्या खात्यात काय जमा झाले? पेशीतल्या श्वसनाचे नोबेल १९३१ मध्ये बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांना मिळाले. ऑक्सिजनशी थेट भिडणारे एन्झाइम त्यांनी दाखवले, ते श्रेय रास्तच. परंतु मधल्या साखळीला वारबुर्ग कमी लेखत आले होते, आणि साखळी केलिन यांची होती. १९३९ मध्ये केलिन आणि त्यांचे सहकारी हार्ट्री यांनी सायटोक्रोम ए-३ वेगळे ओळखले. वारबुर्ग यांचे एन्झाइम ते हेच. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक केलिन यांना १९५१ मध्ये मिळाले. नोबेल मिळाले नाही. ते मिळायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांच्या आसऱ्याला मात्र अनेक जण मोठे झाले. मॅक्स पेरुट्झ यांना हिमोग्लोबिनवर काम करायला जागा नव्हती, ती केलिन यांनी आपल्या संस्थेत दिली. १९४७ मध्ये सरकारी संशोधन मंडळाकडे पैसे मागण्याची वाटही त्यांनीच सुचवली. पेरुट्झ यांचे नोबेल १९६२ चे. ते पाहून काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९६३ मध्ये केलिन गेले. मराठी वाचकाला जवळचा एक धागाही इथे आहे. सायटोक्रोमवर केलिन यांच्याबरोबर काम केलेले रॉबिन हिल यांच्याकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, संशोधन करत होत्या. वनस्पतींच्या पेशींतही ही साखळी आहे, हे बटाट्यापासून सुरुवात करून दाखवण्यात त्यांचा वाटा आहे. १९३९ मध्ये हिल आणि त्यांच्या नावावर 'नेचर'मध्ये त्याचे टिपण आले.

साखळीतल्या काही कड्या केलिन यांना दिसूच शकल्या नाहीत. लोखंड आणि गंधक यांच्या जोडीवर चालणाऱ्या प्रथिनांच्या रेघा इतक्या फिक्या की सायटोक्रोमच्या उजेडात त्या बुडून जातात. त्यांची पहिली चाहूल १९६० मध्ये बाइनर्ट आणि सँड्स यांना चुंबकीय तंत्राने लागली. पुढे १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या एडोज आणि हिल (हे अ‍ॅलन हिल, वेगळे) यांनी सोन्याच्या इलेक्ट्रोडला एक रसायन लावून सायटोक्रोम सी कडून थेट वीज घेतली आणि दिली. डोळ्यांनी पाहिलेली देवघेव आता तारेतून मोजता येऊ लागली. याच अ‍ॅलन हिल यांच्या गटाने १९८४ मध्ये रक्तातली साखर मोजणारा इलेक्ट्रोड केला. त्यावरचे एन्झाइम ग्लुकोज ऑक्सिडेज. आणि त्याने साखर मोजता येते हे १९४८ मध्ये दाखवणारी जोडी पुन्हा केलिन-हार्ट्री. आमच्या वयाच्या निम्म्या मंडळींची सकाळ बोटाला सुई टोचून त्या पट्टीवर सुरू होते.

अखेरच्या वर्षांत केलिन या सगळ्या शोधाचा इतिहास लिहीत होते. तो अपुरा राहिला. मुलगी जोन हिने तो पुरा करून १९६६ मध्ये छापला. त्यात मॅकमन आहेतच. १९७८ मध्ये पीटर मिचेल यांना नोबेल मिळाले, ते साखळीतून सुटणारी ऊर्जा पेशी कशी साठवते हे सांगितल्याबद्दल. स्टॉकहोमला दिलेल्या व्याख्यानाच्या शीर्षकात त्यांनी पहिले नाव घातले ते डेव्हिड केलिन यांचे.