डॉ. आंद्रेआस ग्रुन्ट्सिग : हृदयाची वाट मोकळी करणारा धन्वंतरी

ज्यांच्या श्रमाचे फळ आपण सुखाने भोगतो, त्यांचे नावही पुष्कळदा आपणांस ठाऊक नसते. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरी आज हृदयात स्टेंट बसविलेले वडीलधारे आहेत. परंतु ही वाट ज्याने प्रथम घालून दिली, त्याचे चरित्र फारसे कोणाच्या वाचनात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ते थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्रुन्ट्सिग यांचा जन्म 25 जून 1939 रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाला. पुढे थोड्याच दिवसांत महायुद्ध पेटले आणि त्यात मुलांचे पितृछत्र हरपले. मातेने कष्टाने दोन्ही मुलांना वाढविले व शिकविले. पूर्व जर्मनी सोडून आंद्रेआस पश्चिमेकडे आले आणि 1964 साली हायडेलबर्ग येथे वैद्यकाची पदवी त्यांनी संपादन केली. 1969 मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गेले.

त्याच 1964 साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एका वृद्ध स्त्रीच्या पायाची अरुंद झालेली रोहिणी नळीवर नळी घालून रुंद केली होती व तिचा पाय वाचविला होता. ही युक्ती ग्रुन्ट्सिग यांच्या मनात घर करून बसली. जाड नळ्या घुसविण्यापेक्षा बारीक नळीच्या टोकाशी फुगा बसवावा, तो अडथळ्यापाशी नेऊन फुगवावा आणि मग रिकामा करून काढून घ्यावा, असा त्यांचा विचार होता. ह्यासाठी मोठी प्रयोगशाळा नव्हती. दिवसभर रुग्णालयातील काम उरकल्यावर घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर ते फुगे घडवीत बसत. त्यांची सहायिका मारिया श्लुम्फ आणि पत्नी ह्या कामी हातभार लावीत. फुगा रबरासारखा कोठेही फुगून उपयोग नव्हता. ठरलेल्या आकाराहून तो तसूभरही वाढता कामा नये, ही खरी अडचण होती. ती सुटल्यावर 1974 साली त्यांनी पायाच्या रोहिणीवर पहिला उपचार केला.

पुढे श्वानांवरील प्रयोगांचे फलित त्यांनी 1976 साली अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले, तेव्हा बहुतेकांनी शंकेने माना हलविल्या. ग्रुन्ट्सिग डगमगले नाहीत. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिक येथे त्यांनी जागृत मनुष्याच्या हृदयाच्या रोहिणीत प्रथम फुगा फुगविला. रोगी 38 वर्षांचा होता आणि वैद्यही 38 वर्षांचेच! काही विपरीत घडल्यास छाती उघडण्यासाठी शस्त्रवैद्य सज्ज होते. परंतु तशी वेळ आली नाही. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती रोहिणी मोकळीच होती.

आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली, म्हणून त्यांचा पुढील गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आपली विद्या त्यांनी मुठीत झाकून ठेवली नाही. 1978 पासून देशोदेशीच्या वैद्यांना बोलावून, उपचार चालू असताना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते प्रत्यक्ष दाखवीत. अपयशही त्यांनी लपविले नाही. 1979 साली पहिल्या 50 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध करताना यश 32 जणांतच आले, हे त्यांनी स्वच्छ नमूद केले. 1980 मध्ये ते अमेरिकेतील अटलांटा येथे एमरी विद्यापीठात गेले. 27 ऑक्टोबर 1985 रोजी स्वतःचे विमान चालवीत असता खराब हवेत अपघात होऊन ते व त्यांची द्वितीय पत्नी मरण पावली. वय अवघे 46!

फुग्याने उघडलेली वाट तीन रोग्यांपैकी सुमारे एकाच्या बाबतीत काही महिन्यांत पुन्हा आकसे. त्यावर 1986 साली फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवण्यास प्रारंभ झाला. 1999 पासून औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. त्यांतील सिरोलिमस ह्या औषधाच्या शोधात भारतीय शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने साध्या स्टेंटची कमाल किंमत 7,260 रुपये व औषधी स्टेंटची 29,600 रुपये ठरविली, तेव्हा सामान्य कुटुंबांस मोठा दिलासा मिळाला.

आता एक घरची गोष्ट मोठ्या दुःखाने सांगतो. आमचे थोरले मेहुणे स्टेंट बसविल्यावर ठणठणीत बरे झाले. चार जणांनी सांगितले की इतक्या गोळ्या उष्ण पडतात. त्यांनी तिसऱ्या महिन्यात सर्व गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली आणि ते आम्हांस अंतरले. त्या चौघांत आम्हीही होतो, हे कबूल करताना लेखणी जड होते. धातूची जाळी वाट उघडी धरते; परंतु परक्या धातूवर रक्त गोठू नये हे काम गोळ्यांचे असते. शिवाय रोगाचे मूळ शरीरात राहतेच. रक्तदाब, मधुमेह व चरबी ताब्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे ह्यांवाचून गत्यंतर नाही.

तरी ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी वैद्यास विचारल्यावाचून एकही गोळी बंद करू नये, आणि छातीत कळ येताच संकोच न करता रुग्णालय गाठावे. ग्रुन्ट्सिग यांच्या श्रमांचे ऋण फेडण्याचा आपल्या हाती असलेला मार्ग हाच होय.