गगनचुंबी इमारतींचा इंजिनिअर : फझलूर रहमान खान

लॅबमध्ये ऑटोकॅड किंवा स्टाड शिकताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कमांड कोणती? कमांड सापडली की स्क्रीनवर रंगीत आकृती येते, आकडे येतात, प्रिंट निघते आणि सबमिशन पार पडते. पण आलेले उत्तर बरोबर कशावरून, असे व्हायवात सरांनी विचारले की सगळी बॅच खाली मान घालते. इमारतीच्या डिझाईनमध्ये कॉम्प्युटर अगदी सुरुवातीला आणणाऱ्यांपैकी एकाला हा प्रश्न कधीच अडला नाही. तो माणूस आपल्याच उपखंडातला होता.

फझलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्याचा. वडील गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. मुलगा कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकू लागला. शिक्षण संपत आले आणि १९५० च्या दंगली उसळल्या. त्याला ढाक्याला परतावे लागले. तिथल्या अहसानउल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने डिग्री पूर्ण केली, तीही पहिल्या नंबराने.

१९५२ मध्ये स्कॉलरशिप मिळवून खान अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स डिग्र्या आणि पीएच.डी.! आपल्याला थर्ड इयरला घाम फोडणारी मोमेंट डिस्ट्रिब्युशन पद्धत हार्डी क्रॉस यांनी १९३० साली मांडली, ती याच विद्यापीठात प्राध्यापक असताना. आणि खान तिथे पोचले त्याच वर्षी तिथे इलियॅक हा खोलीभर मोठा, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा कॉम्प्युटर सुरू झाला. हाताने सोडवायची पद्धत आणि मशीन, दोन्ही एकाच आवारात.

१९५५ मध्ये ते शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत लागले. पण देशासाठी काही करावे म्हणून मध्येच पाकिस्तानात परतले. कराचीत नोकरी मिळाली ती फाईली हलवण्याची. डिझाईनचे काम काही हाती येईना. अखेर १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला जुन्या कंपनीत रुजू झाले.

त्या काळी उंच इमारत म्हणजे आत खांब आणि बीमचा पिंजरा. मजले वाढले की वाऱ्याचा जोर वाढतो आणि तो पेलायला स्टील भरमसाट लागते. मग मालक म्हणतो, नको बाबा एवढी उंची! खान यांनी विचार उलटा केला. वाऱ्याला तोंड द्यायचे काम बाहेरच्या भिंतीलाच का देऊ नये? बांबू बघा. आतून पोकळ, पण वादळात उभा राहतो, कारण त्याची ताकद कडेला असते. खान यांनी बाहेरचे खांब जवळजवळ घेऊन पूर्ण इमारतच एक नळी केली. १९६४ साली अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास शिकागोत या पद्धतीची ४३ मजल्यांची डिविट-चेस्टनट इमारत उभी राहत होती.

पुढची उडी १०० मजल्यांची होती, जॉन हॅनकॉक सेंटर. तिच्यामागे एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट आहे, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. खान इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवायला जात. तिथे मिकिओ सासाकी या जपानी विद्यार्थ्याने बाहेरून तिरपे बांध असलेल्या ६० मजली इमारतीचा थिसिस केला. खान आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांनी तीच कल्पना पुढे हॅनकॉकसाठी वापरली.

आता एवढ्या जॉइंट्सची समीकरणे स्लाईड रूलने सोडवायची कधी? खान यांनी कंपनीच्या भागीदारांना कॉम्प्युटर विकत घ्यायला राजी केले. ऐन १९६० च्या दशकात आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर म्हणजे मोठा जुगारच होता. जुगार फळला. १९६९ ला पूर्ण झालेल्या ३४४ मीटर उंच हॅनकॉकला दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो स्टील लागले. जुन्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला सुमारे २०६ किलो लागले होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. वाऱ्याने वरचा मजला किती हलेल, हे गणिताने निघत होते. तेवढे हलणे वर राहणाऱ्या माणसाला सहन होईल का, हे कोण सांगणार? शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनासाठी केलेला एक फिरता चौथरा होता. खान यांनी त्यावर माणसांना उभे केले, बसवले, झोपवले आणि हलणे कधी जाणवते ते त्यांनाच विचारले. मशीनला जे विचारता येत नाही ते माणसालाच विचारायचे!

मग आला सिअर्स टॉवर. ज्वारीचे एक धांडे वाऱ्याने लवते, कडब्याची बांधलेली पेंढी मात्र उभी राहते, हे वऱ्हाडात कोणाला शिकवायला नको. इथे तेच झाले. ७५ फूट रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. काही ५० व्या मजल्यावर थांबल्या, काही ६६ व्या, काही ९० व्या, आणि दोनच शेंड्यापर्यंत गेल्या. ४४२ मीटरची ही इमारत १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच होती. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे.

खान नुसते उंचीच्या मागे होते असे नाही. जेद्दा विमानतळावरच्या हज टर्मिनलसाठी त्यांनी कापडी तंबूंचे छत सुचवले. एकेक तंबू ४५ मीटर लांब-रुंद, असे २१० तंबू. ताणलेल्या कापडाचा आकार ठरवायला कॉम्प्युटर लागलाच, पण वाळवंटात बिनभिंतीची सावली आणि वरून निघून जाणारी गरम हवा, ही कल्पना माणसाची. अकोल्याचा मे महिना काढलेल्याला त्याची किंमत लगेच कळेल. १९८३ मध्ये त्याला आगा खान पुरस्कार मिळाला, पण खान तेव्हा हयात नव्हते.

रवींद्रसंगीताची आवड असलेला हा माणूस १९७१ च्या युद्धात शिकागोत बसून बांगलादेशातील पीडितांसाठी मदत गोळा करत होता. २७ मार्च १९८२ ला जेद्दातच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२.

खान यांच्याजवळचा कॉम्प्युटर आपल्या खिशातल्या मोबाईलपुढे काहीच नव्हता. तरी त्याने १०० मजले पेलले, कारण इमारत कुठून वाकेल आणि भार कुठून जमिनीत उतरेल, हे खान यांनी आधी डोक्यात पाहिलेले असे. तेव्हा गड्यांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला रन दाबण्याआधी वहीच्या मागच्या पानावर साध्या बीमचा मोमेंट हाताने काढून बघा. स्क्रीनवरचा आकडा त्याच्या आसपास आला तर पुढे जा. दहापट आला, तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी आपला सपोर्ट आणि युनिट तपासा. आणि हो, शेजारच्या रूममधली फाईल कॉपी करणे म्हणजे माऊसने मारलेली जी.टी.च! त्याने शीट सुटेल, इमारत उभी राहणार नाही.