पोटच्या पोरासह निम्मी टीम घरी गेली, तरी कोच ब्लेक यांनी मैदान सोडलं नाही

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धडका देत पळायचा तो खेळ. तिथं कॉलेजच्या सामन्यालाही हजारो माणसं जमतात. या खेळातलं एक मोठं नाव म्हणजे अर्ल ब्लेक. केस तांबूस, म्हणून सगळे त्यांना रेड म्हणायचे.

ब्लेक यांचा जन्म १८९७ चा. बालपण ओहायो राज्यातल्या डेटन शहरात गेलं. १९२० मध्ये ते वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडले. पुढं कोच झाले आणि १९४१ मध्ये त्याच अकादमीत परतले. तेव्हा तिथली टीम पार ढासळलेली होती. ब्लेक यांनी ती नव्यानं उभी केली. १९४४ ते १९४६ अशी सलग तीन वर्षं ही टीम एकही सामना हरली नाही.

वेस्ट पॉइंटचा एक कडक नियम होता. खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरी करायची नाही. दुसरा कुणी करतोय हे माहीत असून गप्प बसणाराही दोषीच. या नियमावर एवढा भरवसा की एकच पेपर वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळ्या दिवशी द्यायचे. पोरं एकमेकांना प्रश्न सांगणार नाहीत, असं गृहीत धरलेलं.

पण पोरं सांगत होती. १९५१ च्या वसंतात चौकशी लागली. ऑगस्टमध्ये अकादमीनं सुमारे ९० कॅडेटांना काढत असल्याचं जाहीर केलं. त्यात ३७ जण फुटबॉलचे खेळाडू होते. आणि त्यातच होता बॉब, टीमचा क्वार्टरबॅक आणि कोच ब्लेक यांचा सख्खा मुलगा.

घरात मुलगा दोषी, मैदानावर टीम रिकामी, आणि देशभरचे पेपर कोचवर तुटून पडलेले. फुटबॉलच्या नादात शिस्त बुडाली, अशी टीका होऊ लागली. ब्लेक यांनी पोरांना वाऱ्यावर सोडलं नाही. ही मुलं वाईट नाहीत, शिक्षा जास्त झाली, असं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांपुढं उघड सांगितलं. निर्णय मात्र बदलला नाही. न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या समितीनंही काढून टाकणंच योग्य ठरवलं होतं.

ब्लेक यांच्या मनात राजीनाम्याचा विचार पक्का होत होता. ते जनरल डग्लस मॅकआर्थर यांना भेटले. ब्लेक कॅडेट असताना अकादमीचे प्रमुख तेच होते. त्यांनी सांगितलं, थांबायचं. ब्लेक थांबले.

पुढचं वर्ष हालाचं गेलं. कच्ची पोरं घेऊन १९५१ मध्ये नऊपैकी फक्त दोन सामने जिंकले. नेव्हीनं तर ४२-७ असं लोळवलं. त्या दिवसांत ब्लेक यांच्या हाताखाली एक सहायक कोच होता, व्हिन्स लोम्बार्डी. पुढं तोही जगप्रसिद्ध झाला. हळूहळू टीम सावरली. १९५३ मध्ये सात विजय मिळाले, नेव्हीलाही हरवलं. १९५८ मध्ये टीम पुन्हा अजिंक्य राहिली आणि त्यानंतर ब्लेक यांनी कोचिंग सोडलं. १९८९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्स इथं त्यांचं निधन झालं.

ब्लेक यांचं चुकलं कुठं, यावर मतं वेगळी आहेत. जिंकण्याचा ताण त्यांनीच वाढवला, असं काहींना वाटतं. काहींच्या मते दोष पेपर घेण्याच्या पद्धतीत होता. पण एक खरं. विजयाचे हार गळ्यात घेणाऱ्या कोचला पोरांच्या वागण्याचा हिशोबही द्यावा लागतो. ब्लेक यांनी तो पळून न जाता, सात वर्षं मैदानात उभं राहून दिला.