खापरे वाचणारा आणि टाके वाचणारा

अ‍ॅलन वेस हे नाव निघाले की जाणकारांना मायसीनीचे उत्खनन आठवते. मला आठवतात ती लिननची कापडे.

१८७९ साली केंब्रिजला जन्मलेले वेस ग्रीसला गेले ते जुने अवशेष धुंडाळायला. मित्र आर. एम. डॉकिन्स यांच्यासोबत बेटाबेटांवर हिंडताना दोघांनाही भरतकामाचे वेड लागले. पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या रुखवतात गेलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पलंगाचे पडदे! नॅक्सॉसची तांबड्या रेशमाची भौमितिक नक्षी इतकी दाट, की खालचे लिनन दिसेनासे व्हावे. स्कायरॉसच्या कापडावर गलबते आणि कोंबडे. ऱ्होड्सला तर पलंगाभोवती भरजरी वाटावा असा तंबूच. वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या जोडून केलेला. बेट बदलले की टाका बदलतो, हे वेस यांनी हेरले आणि खापरांची करावी तशी या कापडांची वर्गवारी केली. १९१४ मध्ये लंडनच्या बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लबमधल्या प्रदर्शनाची सूची त्यांचीच.

त्याच वर्षी ते अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलचे संचालक झाले. मायसीनी ही क्रीटच्या सत्तेची सावली, असे सर आर्थर इव्हान्स मानत. वेस आणि अमेरिकन कार्ल ब्लेगेन यांना ते पटेना; मुख्य भूमी स्वतःच्या बळावर वाढली, असे ते मांडत राहिले. इव्हान्स यांच्या शब्दापुढे तेव्हा कुणाचे काय चालणार? १९२३ मध्ये वेस यांचे संचालकपद गेले, मायसीनीची कुदळही थांबली.

१९२४ पासून दहा वर्षे ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, कापड विभागात. आमच्या बँकेत कर्जविभागातला माणूस रेकॉर्ड रूमला धाडला, की तो निवृत्तीचे दिवस मोजू लागे. वेस टाके मोजत राहिले. भूमध्य समुद्राकाठच्या भरतकामावरचा त्यांचा ग्रंथ १९३५ चा.

१९३९ मध्ये ते मायसीनीला परतले आणि युद्धानंतर पुन्हा खोदू लागले. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी मातीच्या पाट्यांवरची लिपी उलगडली. भाषा ग्रीक निघाली! मुख्य भूमीवरच्या राजवाड्यांत ग्रीकच बोलली जात होती. इव्हान्स १९४१ मध्येच गेले होते. वेस मात्र हे पाहायला होते. १९५७ मध्ये अथेन्सला त्यांचे निधन झाले.

ब्लेगेन यांना पायलॉसला सापडलेल्या पाट्यांत गावोगावच्या जवसाचा हिशेब आहे. ज्याच्या धाग्याचे लिनन होते, तेच हे जवस. त्याला तिथे वापरलेला शब्द नंतरच्या ग्रीकमधलाच: लिनॉन.