शाळेतून काढलेला मुलगा आणि क्ष-किरण



मूल सायकलवरून पडलं, मनगट सुजलं, की डॉक्टर आधी एक्स-रे काढून आणायला सांगतात. आपणही ती काळी फिल्म उजेडात धरून उगाच निरखून बघतो. ही सोय ज्यांच्यामुळे झाली, त्या विल्हेल्म रॉन्टजेन यांच्याकडे शाळा पास झाल्याचा दाखलाच नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे का?

रॉन्टजेन यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतल्या लेनेप गावी झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडला गेलं. पुढे उत्रेख्तच्या शाळेत असताना वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकांचं व्यंगचित्र काढलं. रॉन्टजेनने ते काढलं नव्हतं, पण कुणी काढलं ते सांगायला तो तयार झाला नाही. झालं! शाळेने त्यालाच काढून टाकलं. (मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून इथे जरा थांबतो. फळ्यावर आपलं चित्र निघालं की आपण काय करतो, हे आपलं आपल्यालाच ठाऊक.)

दाखला नाही, म्हणून विद्यापीठात रीतसर प्रवेश नाही. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल्याशिवायही शिकता येतं हे कळल्यावर 1865 मध्ये तो तिकडे गेला आणि 1869 मध्ये डॉक्टरेट घेऊनच बाहेर पडला. तरी दाखल्याने पाठ सोडली नाही. वुर्झबर्ग विद्यापीठाने त्याच कारणाने त्यांना अध्यापक म्हणून घ्यायला नकार दिला. पुढे 1888 मध्ये त्याच विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि नंतर कुलगुरूही!

आता 8 नोव्हेंबर 1895 ची संध्याकाळ. प्रयोगशाळेत अंधार होता. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडलेली, आणि नळीभोवती काळा जाड कागद. उजेड बाहेर पडायला फटच नव्हती. तरीही थोड्या अंतरावरचा, रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. पुढचे काही आठवडे रॉन्टजेन यांचं खाणं-झोपणंही प्रयोगशाळेतच झालं. पुस्तक, लाकूड, पत्रा असं एकेक आड धरून ते बघत राहिले. 22 डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांचा हात फोटोच्या काचेवर सुमारे पंधरा मिनिटं ठेवायला लावला. चित्रात बोटांची हाडं उमटली आणि बोटातली अंगठीही.

हे कसं झालं, ते मुलांना सांगताना सावलीपासून सुरुवात करा. एक्स-रे म्हणजे सावलीच. हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं, म्हणून आजच्या फिल्मवर हाड पांढरं दिसतं. मांस कमी अडवतं, ते राखाडी दिसतं. फुफ्फुसात हवा, म्हणून ती काळी. धातू सगळ्यात पांढरा. आणि सावली म्हटली की पुढचं-मागचं एकावर एक येणारच. समोरून न दिसणारी चीर बाजूने दिसू शकते, म्हणून डॉक्टर हाताचे दोन बाजूंनी फोटो मागतात. पैसे उकळायला नाही हो!

किरण कसले ते कळेना, म्हणून रॉन्टजेन यांनी नाव दिलं एक्स. बीजगणितात अज्ञात संख्येला आपण क्ष मानतो ना, तेच हे मराठीतले क्ष-किरण. जानेवारी 1896 मध्ये एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी रॉन्टजेन-किरण असं नाव सुचवलं, जर्मनीत आजही तेच चालतं. स्वतः रॉन्टजेन मात्र एक्सच म्हणत राहिले.

त्यांनी पेटंट घेतलं नाही. त्यामुळे काही महिन्यांतच ठिकठिकाणचे डॉक्टर ही यंत्रं वापरू लागले. पण धोका कुणालाच ठाऊक नव्हता. यंत्र नीट चालतंय का, हे बघायला कित्येक डॉक्टर रोज स्वतःचाच हात किरणांसमोर धरायचे. कातडी भाजली, बोटं कापावी लागली, काहींचा कर्करोगाने जीव गेला. आज एक्स-रे काढताना तंत्रज्ञ आडोशाला का जातो आणि गरोदर आहात का असं आधी का विचारतात, याचं उत्तर त्या बोटांमध्ये आहे.

1901 मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. ती रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली, दाखला नाही म्हणून ज्याने त्यांना नाकारलं होतं त्यालाच! 10 फेब्रुवारी 1923 रोजी म्युनिकमध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची पत्रं आणि प्रयोगाचे बरेचसे कागद जाळून टाकण्यात आले. त्यामुळे त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी अंधारात नेमकं काय काय घडलं, हे त्यांच्या स्वतःच्या टिपणांतून आता कुणालाच वाचता येत नाही.